खरड छाटणीचं वर्ष

सांगली,
२२ जून २०२५

चि. सोनू हिस,


तुझा मेसेज मिळाला. त्यात तू विचारलंस की जेईई, नीट आणि सीईटी या प्रवेश परीक्षांतलं नेमकं काय धरायचं, क्लास लावायचाच का, आणि बाबा म्हणतो तसं दोन वर्षं लातूरला जाऊन राहायचं का. फोनवर मी 'सांगते' एवढंच म्हणाले, कारण असले प्रश्न पाच मिनिटांत उरकता येत नाहीत. म्हणून हे पत्र. सवडीने वाच, आई-बाबांनाही वाचायला दे, आणि जिथे पटणार नाही तिथे पेन्सिलीने खूण करून ठेव. मी आले की त्यावर बोलू.

आधी माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. प्रवेश परीक्षेचं नियोजन म्हणजे अकरावीचं वर्ष वाया जाऊ न देणं. बाकीच्या गोष्टी त्यानंतर येतात.

हे मी इतकं ठामपणे सांगते, कारण अकरावी कशी हातातून निसटते ते वर्षानुवर्षं वर्गात उभं राहून पाहिलंय. दहावीचा निकाल मे महिन्यात लागतो. मग प्रवेशाच्या फेऱ्या. यंदापासून तर सगळ्या राज्याचे अकरावीचे प्रवेश एकाच ऑनलाइन पद्धतीने होताहेत, त्यामुळे कॉलेज सुरळीत सुरू व्हायला वेळ लागणार. दहावीचं वर्ष ताणाचं गेलेलं असतं, घरचेही म्हणतात, 'जरा दम खाऊ दे तिला.' अकरावीला बोर्डाची परीक्षा नाही, गुण पुढे कुणी विचारत नाही. गणपती होतात, दिवाळी होते, आणि पहिल्या घटक चाचणीत भौतिकशास्त्रात पंचवीसपैकी नऊ पडल्यावर मूल पहिल्यांदा दचकतं. तोवर सदिश, गतीचे नियम, मोलची संकल्पना, त्रिकोणमिती हे सगळं शिकवून झालेलं असतं. मग 'बारावीत बघू' असं ठरतं. बारावीत बारावीचंच इतकं असतं की मागे वळायला फुरसत मिळत नाही.

जेईई आणि नीट या दोन्ही परीक्षांना अकरावी-बारावी अशी दोन्ही वर्षं असतात, म्हणजे जवळजवळ निम्मा पेपर अकरावीचा. आपल्या राज्याच्या सीईटीत अकरावीचा भार साधारण २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के. तो आकडा ऐकून पुष्कळ मुलं अकरावी सोडून देतात. त्यांच्या लक्षात येत नाही की आपल्या बोर्डाच्या बारावी भौतिकशास्त्राचं पहिलंच प्रकरण परिवलन गतीचं आहे आणि ते अकरावीच्या गतिनियमांवर उभं आहे. गणितात विकलन अकरावीत कच्चं राहिलं की बारावीचं संकलन नुसतं पाठ करावं लागतं. थोडक्यात, कागदावर २० टक्के दिसणारी अकरावी उरलेल्या ८० टक्क्यांच्या पायात असते.

तू तासगावच्या बागेत वाढलेली मुलगी, तुला हे मी तुझ्याच भाषेत सांगते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा वेलीवर दाखवण्यासारखं काहीच नसतं. काडी वाढते आणि तिच्या डोळ्यांत घड तयार होण्याचं काम पुढच्या दोनेक महिन्यांत आतल्या आत चालतं. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की घड दिसायला लागतात, लोक बाग बघायला येतात, व्यापारी फेऱ्या मारतात. पण घड किती येणार ते उन्हाळ्यातच ठरलेलं असतं. डोळ्यात जो घड धरलाच नाही, तो नंतर कितीही औषधं मारून बाहेर काढता येत नाही, हे बाबा तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. अकरावी म्हणजे तुझी खरड छाटणी आहे.

आता परीक्षांकडे येऊ. तीन परीक्षा म्हणजे तीन वेगवेगळे अभ्यास, अशी समजूत करून घेऊ नकोस. एक साधं उदाहरण घे. एक चेंडू जमिनीशी ३० अंशांचा कोन करून फेकला आणि दुसरा तेवढ्याच वेगाने ६० अंशांत फेकला. हवेचा विरोध धरायचा नाही. दोन्ही चेंडू जमिनीवर एकाच ठिकाणी पडतात. हे अकरावीच्या 'प्रतलातील गती' या प्रकरणात येतं.

कॉलेजच्या परीक्षेत विचारतील, क्षितिजसमांतर पल्ल्याचं सूत्र सिद्ध करा. सीईटीत विचारतील, ३० अंशांना जो पल्ला मिळतो तोच आणखी कोणत्या कोनाला मिळेल? नीटमध्ये विचारतील, दोन चेंडूंनी गाठलेल्या महत्तम उंचींचं गुणोत्तर किती? उत्तर १:३. जेईईत विचारतील, दोन्ही चेंडू हवेत जितका वेळ राहिले त्या दोन वेळांचा गुणाकार पल्ल्याच्या रूपात मांडा. तो येतो पल्ल्याची दुप्पट भागिले गुरुत्वत्वरण.

प्रश्न चार आहेत, पण जाणायची गोष्ट एकच आहे. आडवी गती आणि उभी गती एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. चेंडू हवेत किती वेळ राहणार हे फक्त उभ्या वेगावर ठरतं, आणि पल्ल्याच्या सूत्रात कोनाच्या दुपटीचा साइन येतो. ६० अंशांचा आणि १२० अंशांचा साइन सारखाच, म्हणून दोन्ही पल्ले सारखे. ज्या मुलीने हे एकदा वहीवर स्वतः मांडून पाहिलं, तिला चारही प्रश्न सुटतात. जिने चार परीक्षांच्या चार गाइडांतून चार सूत्रं पाठ केली, तिची पाचव्या प्रश्नाला गाडी अडते. म्हणून अकरावीत परीक्षेचं नाव बाजूला ठेव आणि विषय शीक. परीक्षांमधला फरक आहे तो मुख्यतः वेगाचा आणि खोलीचा, आणि त्याचा सराव बारावीत करायचा असतो.

वेगाचा फरक किती आहे तोही बघ. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न, तेवढीच ९० मिनिटं, प्रत्येकी २ गुण. जीवशास्त्र घेतलंस तर १०० प्रश्न, ९० मिनिटं. इथे चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यांतले ९० जीवशास्त्राचे. बरोबरला ४ गुण, चुकीला वजा १, एकूण ७२०. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न, एकूण ३०० गुण, तिथेही चुकीला वजा १. म्हणजे तिथे एका प्रश्नाला जवळजवळ अडीच मिनिटं मिळतात, पण प्रश्न तेवढा वेळ खातोही. मेनमधून वरचे सुमारे अडीच लाख विद्यार्थी जेईई ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात. आयआयटीचा प्रवेश त्या परीक्षेवर होतो आणि ती मेनपेक्षा बरीच खोल आहे.

चौकाचौकांत आता ९९.९ चे फ्लेक्स लागलेत, ते पाहून बाबा मला विचारत होता की दहावीला ९१ टक्के मिळवणारी आपली पोर इतके मिळवेल का. त्याला समजावून सांग की पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ९९ तुझ्या बरोबरीने किंवा तुझ्या मागे. यंदा सीईटीच्या भौतिक-रसायन-गणित अशा पीसीएम गटात चार लाखांहून जास्त मुलं बसली, तेव्हा ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढेही सुमारे चार हजार मुलं असतात. नीटला यंदा २२ लाखांहून अधिक मुलं बसली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सुमारे १ लाख १८ हजार, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या खासगी कॉलेजांतल्या. आयआयटीच्या जागा सुमारे १८ हजार. हे आकडे तुला घाबरवायला दिलेले नाहीत. एकाच दारावर सगळा जीव टांगून ठेवू नये, एवढ्यासाठी दिलेत.

मग तू काय धरायचंस? तुला गणित आवडतं हे मला ठाऊक आहे. आणि झाडांची, पानांची, बुरशीने काळवंडलेल्या घडांची तू वहीत जी बारीक चित्रं काढतेस तीही मी पाहिलीत. डॉक्टर व्हायचंय असं तुझ्या तोंडून मी आजवर कधी ऐकलेलं नाही. ते शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. म्हणून माझं मत असं की अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घे. चार विषय म्हणजे काम जास्त, हे खरं. पण सोळाव्या वर्षी एक दार बंद करण्यापेक्षा वर्षभर दोन्ही विषय मनापासून शिकून बघितलेले बरे. अकरावीच्या वार्षिक परीक्षेनंतर, मार्च-एप्रिलमध्ये, आपण बसून ठरवू. ठरवताना एकच कसोटी लाव. कोणता विषय तू कुणी न सांगता उघडतेस? तेव्हा जे ठरेल त्यानंतर मात्र बारावीत दोन डगरींवर पाय नको. नीट आणि जेईई दोन्ही एका वेळी नीट पेलणारी मुलं फार थोडी असतात. सीईटी दोन्हीपैकी कशाहीबरोबर जमते.

आणि दारं तू समजतेस त्यापेक्षा जास्त आहेत. सीईटीवर आपल्या विश्रामबागच्या वालचंद कॉलेजला प्रवेश मिळतो, पुण्याच्या सीओईपीला मिळतो, माटुंग्याच्या व्हीजेटीआयला आणि केमिकल टेक्नॉलॉजीच्या आयसीटीलाही मिळतो. सीईटीवरच कृषी पदवीचाही प्रवेश होतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी आपली चार कृषी विद्यापीठं आहेत, आणि द्राक्षांच्या गावच्या मुलीने वनस्पतिरोगशास्त्र शिकायचं म्हटलं तर मला मनापासून आनंद होईल. शुद्ध विज्ञान शिकायचं असेल तर पुण्याची आयसर आहे. तिची स्वतंत्र परीक्षा असते, भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारींचे प्रत्येकी १५ प्रश्न, ६० प्रश्नांना तीन तास. चार विषय घेतलेली मुलगी तिथे कुठे कमी पडत नाही. खडकवासल्याच्या एनडीएची परीक्षा आता मुलींनाही देता येते, वर्षातून दोनदा. यांतलं तुला काय रुचतं ते मला माहीत नाही. पण अकरावीतच एकेका ठिकाणची अधिकृत माहितीपुस्तिका उतरवून घे आणि पात्रता, विषय, परीक्षेचं स्वरूप हे स्वतः वाच. क्लासच्या पत्रकावरून किंवा व्हॉट्सॲपवरून माहिती घ्यायची नाही. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात आणि पुढचे दोन्ही उन्हाळे ते तुला पुन्हा तपासावे लागतील.

आता क्लास आणि लातूर. लातूरची ख्याती उगाच झालेली नाही. तिथल्या कॉलेजांनी आणि शिक्षकांनी नियमित चाचण्या, नेमका सराव आणि सतत देखरेख यांवर एक पद्धत उभी केली आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं त्यातून डॉक्टर-इंजिनिअर झाली. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण तिथे दोन वर्षं खोली घेऊन राहणं, मेसचं खाणं, आजारपणात जवळ कुणी नसणं आणि दर आठवड्याच्या चाचणीचा क्रमांक भिंतीवर लागलेला पाहणं हे प्रत्येकीला मानवतंच असं नाही. तुला कुणी कान धरून बसवावं लागत नाही. तुला हवंय ते शंका विचारायला एखादं हक्काचं माणूस आणि अभ्यासाला शांत खोली. ती सोय तासगावला आणि सांगलीला होऊ शकते. म्हणून मी तुला लातूरला पाठवायच्या बाजूची नाही, आणि हे बाबाला मी स्वतः सांगेन.

'इंटिग्रेटेड' नावाची जी व्यवस्था सगळीकडे फोफावली आहे तिच्याबद्दल मात्र माझं मत अधिक कडक आहे. प्रवेश एका कॉलेजात, शिकायचं क्लासमध्ये, आणि कॉलेजात हजेरी फक्त कागदावर. अशा मुलांना प्रयोगशाळा म्हणजे काय ते प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कळतं. बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांत ३०-३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, पण गुणांपेक्षा मला दुःख वेगळ्याच गोष्टीचं होतं. ब्युरेटमधून एकेक थेंब सोडताना रंग पालटतो तो क्षण ज्या मुलाने पाहिलाच नाही, त्याला रसायनशास्त्र ही पर्यायांची यादीच वाटणार. तू रोज कॉलेजला जा. तास ऐक. सर-बाईंना वर्गात प्रश्न विचार. प्रश्न विचारणारी एक मुलगी वर्गात असली की शिक्षकालाही शिकवावंसं वाटतं, हे मी अनुभवाने सांगते.

क्लास लावायचा झालाच तर पैसे भरण्याआधी बाबाबरोबर तू स्वतः जा आणि काही गोष्टी विचार. शिकवणार नेमकं कोण, आणि तेच दोन्ही वर्षं असणार का? एका तुकडीत किती मुलं? अकरावीचा अभ्यासक्रम अकरावीतच पूर्ण होतो का, की डिसेंबरपासून बारावी सुरू करतात? फ्लेक्सवर दहा चेहरे आहेत, पण एकूण मुलं किती होती आणि बाकीच्यांचं काय झालं? आठवडाभर बसून बघता येईल का? मध्ये सोडलं तर फी परत किती? केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग घेऊ नयेत, आठवड्याला सुट्टी द्यावी आणि मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी परत करावी असं स्पष्ट म्हटलंय. आईने कोटा शहरातल्या क्लासच्या मुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचून मला रडवेल्या आवाजात फोन केला होता. तिला सांग की तिची काळजी रास्त आहे आणि सरकारलाही त्याच काळजीने हे लिहून काढावं लागलं.

क्लास न लावताही सोयी आहेत. आयआयटी कानपूरने चालवलेलं 'साथी' नावाचं विनामूल्य संकेतस्थळ आहे. त्यावर जेईई-नीटची व्याख्यानं आणि सराव प्रश्न आहेत. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना 'महाज्योती'कडून जेईई, नीट, सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत मिळतं, टॅबसुद्धा मिळतो. आपण त्यांत बसतो आणि त्याचे अर्ज दहावीनंतर लगेच निघतात, तेव्हा तो अर्ज आधी भरायचा.

अभ्यासाची पुस्तकं मोजकी ठेव. बोर्डाचं पाठ्यपुस्तक, एनसीईआरटीचं पाठ्यपुस्तक आणि विषयागणिक सरावाचं एक पुस्तक, एवढं पुरतं. जीवशास्त्रात नीटसाठी एनसीईआरटीची ओळ न् ओळ कामाची आहे. मागच्या वर्षांचे खरे पेपर मिळवून ठेव, पण ते दिवाळीपर्यंत उघडू नकोस. प्रकरण शिकायच्या आधी त्यावरचे प्रश्न पाहिले की मन उत्तराच्या मागे धावतं.

सेमी-इंग्रजीतून आल्यामुळे इंग्रजीची धास्ती वाटते असं तू लिहिलंस. पहिले दोन-तीन महिने जड जातील, नंतर नाही. सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणित मात्र इंग्रजीतच असतं. जेईई मेन आणि नीटलाही मराठीचा पर्याय आहे. तरी माझा सल्ला असा की वाचायचं इंग्रजीत आणि समजावून सांगायचं मराठीत. रोज संध्याकाळी त्या दिवसाचं एक प्रकरण आजीला किंवा धाकट्या भावाला मोठ्याने सांग. जिथे तू अडखळशील तिथे तुला ते समजलेलं नाही. इतकी खरी चाचणी कुठलाच क्लास घेत नाही.

आणि एक वही फक्त चुकांची ठेव. सोडवताना चुकलेला प्रत्येक प्रश्न त्यात लिहायचा आणि समोर कारण लिहायचं: समजलंच नव्हतं, आठवलं नाही, आकडेमोड चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही. महिन्याच्या शेवटी कोणतं कारण जास्त वेळा आलंय ते मोज. आकडेमोड चुकत असेल तर आणखी दहा तास वाचून काही साधणार नाही. मग रोज वीस मिनिटं कागदावर आकडेमोड करायची. प्रश्न वाचण्यात चूक होत असेल तर 'नाही', 'वगळता', 'सर्वात कमी' अशा शब्दांखाली रेघ मारायची सवय लावायची. आपण कुठे कमी पडतो हे ज्या मुलीला नेमकं माहीत असतं, तिचा अभ्यास निम्म्या वेळात होतो. झोप मात्र सात तास पाहिजेच. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलांचे गुण वाढलेले मी पाहिलेले नाहीत, त्यांची चिडचिड वाढलेली पाहिली आहे. रविवारची दुपार तुझ्या चित्रांची, ती कुणालाही देऊ नकोस.

पुढच्या दोन वर्षांचा अंदाज असा धर. येत्या मार्चपर्यंत अकरावी पूर्ण. पुढचा एप्रिल आणि मे अकरावीच्या उजळणीला, बारावीची घाई त्या दिवसांत नको. जून ते नोव्हेंबर २०२६ बारावीचा अभ्यासक्रम. जेईई धरलीस तर मेनचा पहिला टप्पा जानेवारी २०२७ मध्ये आणि दुसरा एप्रिलमध्ये. दोन्हींपैकी चांगले गुण धरतात, म्हणून पहिल्याचं दडपण घ्यायचं कारण नाही. जानेवारी-फेब्रुवारीत प्रात्यक्षिकं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. बोर्डाला कमी लेखू नकोस. आयआयटी-एनआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं, आणि इंजिनिअरिंगच्या आपल्या राज्यातल्या प्रवेशालाही ठरावीक किमान गुण लागतात. त्यानंतर एप्रिल-मे सीईटीचे, आणि नीट मे महिन्याच्या सुरुवातीला.

कागदपत्रांचं काम बाबाचं, पण आठवण करायचं काम तुझं. प्रवेशाच्या ऐन घाईत सेतू केंद्राबाहेर रांगेत उभी राहिलेली, हातात चांगले गुण आणि डोळ्यांत पाणी अशी मुलं दर जून-जुलैला दिसतात. डोमिसाइल याच वर्षी काढून ठेवा. जातीचं प्रमाणपत्र आहे, पण वैधता नाही. ती जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून मिळते आणि तिला वेळ लागतो, तेव्हा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत द्यायचा. काकाची वैधता झालेली आहे, त्याची प्रत जोडली की काम सोपं होतं. नॉन-क्रिमिलेअर वेळेत नवं करून घ्यायचं. केंद्राच्या परीक्षांना ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं लागतं, आणि केंद्राच्या नमुन्यातलं. आधार कार्डावरचं तुझं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का तेही आजच बघ. बाबाला पैशांची चिंता आहे हे मला कळतं. त्याला सांग की वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४ पासून राज्य सरकार पूर्ण भरतं. त्यासाठी प्रवेश केंद्रीय फेरीतून व्हावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातून नाही. म्हणजे तू मेहनतीने मिळवलेली जागा घराला झेपणारी असेल.

आणि इतकं करूनही पेपर बिघडला तर? बिघडू शकतो. तापात पेपर देणारी मुलं असतात, संगणक मध्येच बंद पडलेले असतात. नीट पुन्हा देता येते, जेईई मेन सलग तीन वर्षं देता येते, बाकीची दारं मी वर सांगितलीच. पण माझा खरा आधार वेगळा आहे. अकरावी-बारावीचं विज्ञान ज्या मुलीला खरंच समजलंय, ती कुठल्याही कॉलेजात गेली तरी पहिल्या रांगेत बसते. परीक्षा एका सकाळची असते. समजलेलं भौतिकशास्त्र तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. मला तुझ्याकडून पर्सेंटाइल नको आहे. ही दोन वर्षं तू समजून शिकण्यात घालवावीस एवढंच मागणं आहे, आणि या वयात ते जितकं सहज जमतं तितकं पुढे कधी जमत नाही.

या आठवड्यात तीन कामं कर. महाज्योतीचा अर्ज निघालाय का ते बघ. आधारवरचं नाव तपास. आणि कॉलेज सुरू व्हायची वाट न बघता अकरावीच्या भौतिकशास्त्राचं मापनाचं पहिलं प्रकरण वाचायला घे, त्यातली जी पाच वाक्यं समजणार नाहीत ती मला लिहून पाठव. रविवारी दुपारच्या एसटीने मी येते. बाबाला घरी थांबायला सांग, लातूरचं बोलायचंय.

आईला आणि आजीला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझी,
आत्या